उपविधीत दंड कसा ठरवावा: रकमेचा आकडा सगळ्यात शेवटी

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत दंडाचा विषय निघाला की चर्चा थेट आकड्यावर येते. "पाचशे करा." "पाचशेला कोण घाबरतंय, पाच हजार करा." ठराव मंजूर होतो आणि काही महिन्यांनी पावती पुस्तकं आरोग्य विभागाच्या कपाटात जाऊन पडतात. कारण पाच हजारांची पावती फाडायला मुकादमाचा हात धजत नाही, आणि फाडलीच तर ती वसूल होत नाही.

नव्याने निवडून आलेले नगरसेवक, नुकतेच रुजू झालेले स्वच्छता निरीक्षक आणि हरकती नोंदवू इच्छिणारे नागरिक यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणं मुख्यतः कचऱ्याची घेतली आहेत, कारण प्रत्येक शहराला तो उपविधी (म्हणजे स्थानिक संस्थेने आपल्या हद्दीसाठी केलेला नियम) करावाच लागतो. पण मोकाट जनावरं, विनापरवाना फ्लेक्स, नळाला लावलेली मोटर यांच्या दंडालाही हाच क्रम लागू पडतो. क्रम महत्त्वाचा आहे. आकडा शेवटी येतो.

आधी अधिकार तपासा

एका कोऱ्या कागदावर चार रकाने आखा: कृती, ती ज्या कायद्याने व कलमाने मना आहे तो कायदा, त्या कायद्यातली दंडाची कमाल मर्यादा, आणि कारवाईचा अधिकार कोणाला. नगरपरिषदा व नगरपंचायतींसाठी 1965 चा अधिनियम, महानगरपालिकांसाठी 1949 चा, मुंबईसाठी 1888 चा, गावांसाठी ग्रामपंचायत अधिनियम. त्याखेरीज विषयानुसार वेगळे कायदे आहेत. ज्या कृतीचा दुसरा रकाना रिकामा राहतो, तिच्यावर दंड लावता येत नाही. लोकभावना कितीही तीव्र असली तरी नाही.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ठराव आणि उपविधी एकच समजणं. सभेने बहुमताने केलेला ठराव म्हणजे सभेची इच्छा. उपविधीला मसुद्याची प्रसिद्धी, हरकती व सूचना, सभेची मंजुरी, वरची मान्यता आणि राजपत्र असा पूर्ण प्रवास करावा लागतो, तेव्हा त्याला कायद्याचं बळ येतं. अहमदाबादच्या नागरी विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये स्पष्ट केलं की मूळ कायद्यात स्पष्ट अधिकार नसेल तर अशा संस्थेला साधं शुल्कही आकारता येत नाही. शुल्काची ही गत, तर दंडाची काय असणार ते वेगळं सांगायला नको. मूळ अधिनियमाने उपविधीच्या भंगासाठी जी कमाल मर्यादा घातली आहे, तिच्यावर एक रुपयाही चढवता येत नाही.

तिसरा रकाना भरताना दुसऱ्या कायद्यांनी आधीच ठरवलेले आकडेही पाहा. राज्याच्या मार्च 2018 च्या प्लास्टिक बंदीत पहिल्या वेळी 5,000, दुसऱ्या वेळी 10,000 आणि तिसऱ्या वेळी 25,000 रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी चढण ठेवली गेली. भाजीवालीसाठी ही रक्कम जड आहे असं सभेला कितीही वाटलं, तरी ती उपविधीने कमी करता येत नाही. ते मत शासनाला कळवावं लागतं. फेरीवाल्यांबाबत 2014 चा पथविक्रेता अधिनियम आहे. त्यात विक्रेत्याला प्रत्येक गुन्ह्यासाठी जास्तीत जास्त 2,000 रुपये दंड सांगितला आहे. शहराला वाटलं म्हणून हातगाडीवाल्याला पाच हजार लावता येत नाहीत.

आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर पुढे प्रश्न येतोच. मुंबईत रस्त्यावर थुंकण्याला महापालिकेच्या उपविधीत 200 रुपये आणि पोलीस कायद्यात 1,200 रुपये दंड होता. ही तफावत 2021 मध्ये उच्च न्यायालयासमोर चर्चेत आली. एकाच कृतीला दोन दर असले की कोणता लावायचा हे पावती फाडणाऱ्याच्या मर्जीवर राहतं, आणि अन्याय तिथूनच सुरू होतो. एकाच कृत्यासाठी दोन कायद्यांखाली दोनदा वसुली होणार नाही, हे उपविधीत एका ओळीत लिहून टाका.

गावाबद्दल थोडक्यात. ग्रामसभेत हात वर करून ठरवलेला दंड आणि न भरणाऱ्याचं पाणी किंवा किराणा बंद करणं, हा प्रकार अजून कुठे कुठे चालतो. कुणाला गावाने वाळीत टाकलं तर 2016 चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा लागू होतो आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. सरपंचांनी हे आधीच समजून घ्यावं.

कृती अशी लिहा की दोन माणसांना एकच अर्थ लागेल

"सार्वजनिक ठिकाणी अस्वच्छता करणे" हे वाक्य बहुतेक मसुद्यांत असतं. त्यात दुकानासमोर पाणी शिंपडणारा बसतो, शेंगांची टरफलं टाकणारं पोर बसतं आणि नाल्यात टेम्पो रिकामा करणाराही बसतो. तिघांना एकच आकडा, नाहीतर निरीक्षकाच्या मनाला येईल तो. दोन्ही वाईट.

वाक्यात चार गोष्टी याव्यात: कोण, काय, कुठे, किती. उदाहरणार्थ: "घंटागाडी येत असलेल्या प्रभागात राहणाऱ्या कुटुंबाने किंवा तिथल्या आस्थापनेने कचरा गाडीत न देता रस्त्यावर, नाल्यात किंवा मोकळ्या भूखंडावर टाकणे." यात "घंटागाडी येत असलेल्या" हे शब्द सगळ्यात मोलाचे आहेत, त्यांच्याकडे लगेच येतो. मोजता येईल असं कर्तव्य कसं लिहावं याचा चांगला नमुना 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत होता: परवाना नसलेल्या जागी 100 हून जास्त लोकांचा कार्यक्रम घ्यायचा असेल तर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं. माणसं मोजता येतात, दिवस मोजता येतात, वाद राहत नाही. मसुदा करताना या नियमांची त्या दिवशी लागू असलेली आवृत्ती समोर ठेवा. जुन्या मसुद्यावरून उतरवून काढलेल्या उपविधीत रद्द झालेली कलमं हमखास शिरतात.

कृतीचं वर्णन झालं की ते स्वच्छता निरीक्षक, मुकादम आणि बाजारातला एखादा दुकानदार अशा तिघांना वेगवेगळं वाचायला द्या आणि आठ-दहा प्रसंग सांगून "यात बसतं का?" विचारा. तिघांची उत्तरं जुळली नाहीत तर शब्द बदला.

सोय नसेल तर दंड नाही

या पायरीवर आमचा सगळ्यात जास्त आग्रह आहे. जिथे मुतारी नाही तिथे उघड्यावर लघवी केल्याचा दंड म्हणजे शहराने आपली चूक नागरिकाच्या खिशातून वसूल करणं. म्हणून प्रत्येक कृतीसमोर पाचवा रकाना आखा: नियम पाळायचा तर माणसाने नेमकं काय करायचं, आणि ती सोय आज आहे का?

उत्तर कागदावरून देऊ नका, फिरून द्या. घंटागाडी किती वाजता येते, किती मिनिटं थांबते, दोघंही सकाळी सातला कामावर जाणाऱ्या कुटुंबाला ती मिळते का? आठवडे बाजारात विक्रेत्यांच्या ओळीत कचरापेटी किती पावलांवर आहे आणि दुपारी बाराला ती भरून वाहते का? महिलांसाठी स्वच्छतागृह आहे का, त्याला कुलूप असतं का, आणि किल्ली कोणाकडे? ओला-सुका वेगळा दिला तरी गाडीत दोन्ही एकत्र पडत असतील, तर वर्गीकरण न केल्याचा दंड त्या प्रभागात लावू नये. लोक ते रोज बघतात.

ज्या प्रभागात सोय पूर्ण झाली, तिथेच त्या कलमाची अंमलबजावणी सुरू करायची, अशी तरतूद उपविधीत ठेवता येते. प्रभागनिहाय तारीख मुख्याधिकाऱ्यांनी जाहीर करावी. सगळ्या शहरात एकाच दिवशी सुरू करण्याचा हट्ट केला की सोय नसलेल्या वस्तीतच पावत्या जास्त फाटतात, कारण तिथेच उघड्यावर कचरा दिसतो.

आता आकडा

इथवर आलात तर रक्कम ठरवणं बरंच सोपं झालेलं असतं. आधी कृतींचे गट पाडा. सवयीने किंवा निष्काळजीपणाने होणाऱ्या: थुंकणं, कागद टाकणं. पैसे वाचवण्यासाठी होणाऱ्या: हॉटेलचा ओला कचरा रात्री चौकात टाकणं, राडारोडा नदीपात्रात नेणं. आणि इतरांच्या आरोग्याला धोका करणाऱ्या: कचरा जाळणं, दवाखान्यातल्या सुया साध्या कचऱ्यात देणं. प्रत्येक गटाचं गणित वेगळं आहे.

पहिल्या गटासाठी माप म्हणजे शहरातली रोजंदारी. तुमच्याकडे बिगाऱ्याला दिवसाला 500 रुपये मिळत असतील, तर कागद टाकल्याबद्दल 500 म्हणजे त्याच्या घरातली एका दिवसाची चूल. पहिल्या वेळेचा दंड रोजंदारीच्या पावपट ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत असावा असं आमचं मत आहे. तो जागेवर भरला जातो, वाद होत नाही, आणि टोचतोही. रक्कम वाढवली की धाक वाढतो असं वाटतं, पण रस्त्यावर वेगळंच होतं. पावती 1,200 ची असली की "तीनशेत मिटवा" हे बोलणं सुरू होतं. जितकी रक्कम मोठी, तितकी तडजोडीला जागा मोठी.

दुसऱ्या गटात मात्र कमी दंड म्हणजे स्वस्त परवाना. राडारोड्याचं उदाहरण मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे घाला. अधिकृत जागेवर एक टेम्पो रिकामा करायला 2,000 रुपये लागतात आणि जवळच्या नाल्यात 600. म्हणजे खेपेमागे 1,400 वाचतात. वीस खेपांत एकदा पकडला जात असेल, तर दंड 28,000 च्या खाली असेपर्यंत त्याला नाल्यात टाकणंच परवडतं. तेवढा दंड बहुधा अधिनियमाच्या मर्यादेत बसणार नाही आणि न्यायालयातही टिकणार नाही. म्हणून आकड्याशी न झगडता पकडलं जाण्याची शक्यता वाढवा. बांधकाम परवानगीची यादी आरोग्य विभागाला द्या म्हणजे कुठे पाडकाम सुरू आहे ते कळेल. नेहमीच्या दोन-तीन ठिकाणी कॅमेरा लावा. टेम्पोच्या क्रमांकाची वही ठेवा. चार खेपांत एकदा पकडला गेला तर तोच हिशेब 5,600 वर येतो. शिवाय राडारोडा उचलायला आलेला खरा खर्च (जेसीबीचे तास, डंपरच्या खेपा, मजुरी) दंडापासून वेगळा, बिलासह वसूल करण्याची तरतूद अधिनियमात आहे का ते पाहा. असेल तर ती वापराच. दंड आणि खर्चवसुली यांची सरमिसळ करू नका. दोन्हींची कारणं आणि पावत्या वेगळ्या.

दंड ही किंमत होऊन बसण्याचा धोका खरा आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना 10 शेकेल (तिथलं चलन) दंड लावला. उशिरा येणारे कमी होण्याऐवजी वाढून जवळजवळ दुप्पट झाले, आणि दंड काढून टाकल्यावरही ते प्रमाण खाली आलं नाही. 2000 साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास हॉटेलवाल्यांचा दंड ठरवताना आठवावा. महिन्याला दोन पावत्या भरून सुटता येत असेल तर ते पैसे तो कचरा खर्चात धरतो. त्यावर उपाय म्हणजे चढता दंड: दुसऱ्यांदा दुप्पट, तिसऱ्यांदा खटला किंवा कायद्यात तरतूद असेल तर परवान्यावर कारवाई. मात्र "दुसऱ्यांदा" म्हणजे किती दिवसांत, ते लिहा. बारा महिन्यांत पुन्हा भंग झाला तरच तो दुसरा धरावा. चार वर्षांपूर्वी एकदा चुकलेल्याला सराईत ठरवणं न्याय्य नाही.

रोज चालू राहणाऱ्या भंगाला दिवसागणिक दंड लावताना वरची मर्यादा विसरू नका. नमुना पथविक्रेता अधिनियमातच आहे: जागा न सोडणाऱ्या विक्रेत्याला दिवसाला 250 रुपयांपर्यंत दंड, पण एकूण रक्कम जप्त मालाच्या किमतीपेक्षा जास्त नाही. अशी मर्यादा नसेल तर साधा दंड वर्षभरात घराच्या किमतीला भिडतो, मग तो कुणीच वसूल करत नाही.

महागाईचंही बघा. 2006 चे 200 रुपये आज तेवढे राहिलेले नाहीत, पण उपविधी बदलायला पुन्हा सगळा प्रवास करावा लागतो. केंद्राच्या 2023 च्या जनविश्वास कायद्यात दर तीन वर्षांनी किमान दंडात 10 टक्के वाढ आपोआप होण्याची सोय केली आहे. मूळ अधिनियमाची मर्यादा सांभाळून असं कलम उपविधीतही घालता येईल का, हे विधी सल्लागाराकडून लेखी घ्या. वाढ झाल्यावर आकडे दहाच्या पटीत बसवा; सुट्ट्या पैशांवरून रस्त्यात भांडण नको.

पावती, सुनावणी, जप्ती

जागेवर दंड घेणाऱ्याच्या नावाने लेखी प्राधिकारपत्र हवं, गळ्यात ओळखपत्र हवं. पावतीवर किमान एवढं असावं: अनुक्रमांक, तारीख आणि वेळ, नेमकी जागा, उपविधीचं कलम, कृतीचं एका ओळीत वर्णन, कितव्यांदा, रक्कम अंकी व अक्षरी, अधिकाऱ्याचं नाव व पद, आणि मागच्या बाजूला अपील कुठे व किती दिवसांत करायचं ते. "कलम" हा रकाना रिकामा सोडलेली पावती अपिलात पहिल्या पाच मिनिटांत पडते. छायाचित्र घ्या, पण कचऱ्याचं आणि जागेचं. माणसाचा चेहरा समाजमाध्यमांवर टाकण्याचा अधिकार कुठलाही उपविधी देत नाही. उठाबशा, गळ्यात हार, ढोल वाजवणं हे प्रकार उघड्यावर शौचाविरुद्धच्या मोहिमांत झाले. त्यांना कायद्याचा आधार नव्हता आणि माणसाचा अपमान ही शिक्षा नव्हे. भारतीय न्याय संहितेत काही किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षा आली आहे, पण ती न्यायालयाने द्यायची असते, मुकादमाने रस्त्यावर नव्हे.

छोट्या रकमेत जागेवरच निपटारा ठीक आहे, पण नागरिकाला "मान्य नाही" म्हणता आलं पाहिजे. तसं म्हटलं तर पैसे न घेता कारणे दाखवा नोटीस द्यायची, सात-आठ दिवसांत म्हणणं ऐकायचं आणि कारणांसह निर्णय लिहायचा. ऐकणारा अधिकारी पावती फाडणाऱ्यापेक्षा वेगळा आणि वरचा हवा. मोठ्या रकमेत सुनावणीशिवाय पुढे जाऊच नका. हिंदुस्थान स्टील प्रकरणात 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की कायद्याने दंड लावता येतो एवढ्यावरून तो लावलाच पाहिजे असं नाही. भंग तांत्रिक किंवा किरकोळ असेल, किंवा माणसाने प्रामाणिक समजुतीने केला असेल, तर सोडून देता येतं. ही मुभा उपविधीत शब्दांत उतरवा: अल्पवयीन मूल, आजारपण, गाडी त्या दिवशी न येणं. मुभा लिहिलेली असली की ती ओळखीच्या माणसापुरती राहत नाही.

जप्ती करताना मालाची यादी तिथेच करून प्रत विक्रेत्याला द्यायची. पथविक्रेता अधिनियमाप्रमाणे त्याने मागणी केली आणि रक्कम भरली की नाशवंत माल त्याच दिवशी, इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावा लागतो. दुपारी चारला उचललेली मेथी दुसऱ्या दिवशी देणं म्हणजे दंडावर आणखी एक दंड, तोही कुठल्याच उपविधीत न लिहिलेला.

दंड थकला तर काय, हेही आधी ठरवा. नळ तोडणं, दाखले अडवणं हे मार्ग अधिनियमात स्पष्ट नसतील तर वापरू नका. घरपट्टीच्या थकबाकीसारखी वसुली करायलाही तशी तरतूद लागते. गरीब माणसाला हप्ते द्या. हजाराचे चार हप्ते वसूल होतात, एकरकमी हजार अनेकदा होत नाहीत.

पैशांचा मोह

दंडाचा पैसा स्वतंत्र लेखाशीर्षात जमा करा आणि त्याच दिवशी भरणा करा. अंदाजपत्रकात त्यावर खर्च बेतू नका. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन शहराने 2015 च्या अंदाजपत्रकात 13.26 दशलक्ष डॉलर महसुलापैकी 3.09 दशलक्ष दंड व शुल्कातून धरले होते, म्हणजे जवळपास 23 टक्के. अमेरिकेच्या केंद्रीय न्याय विभागाच्या अहवालाने दाखवलं की तिथली कारवाई सुरक्षेपेक्षा महसुलासाठी चालली होती आणि तिचा भार कृष्णवर्णीय नागरिकांवर पडत होता. आपल्याकडे मुंबईत क्लीन-अप मार्शलची (रस्त्यावर अस्वच्छतेचा दंड वसूल करणाऱ्या कंत्राटी माणसांची) व्यवस्था खासगी संस्थांना दंडात वाटा देऊन चालली, लोकांच्या तक्रारी वाढत गेल्या आणि 2025 मध्ये ती बंद झाली. निरीक्षकाला "रोज वीस पावत्या" असं लक्ष्य दिलं की तो वीस सोप्या माणसांना शोधतो, आणि सोपा माणूस म्हणजे बहुतेकदा फेरीवाला किंवा बाहेरगावचा प्रवासी.

लागू करताना

राजपत्रात आल्यावरही पहिले साठ दिवस फक्त ताकीद पावती द्या, रकमेच्या जागी शून्य. घंटागाडीच्या भोंग्यावर, बाजारात आणि बसस्थानकात रक्कम व कलम सांगा. मजूर ज्या भाषा बोलतात त्यांतही सांगा. उपविधी लागू होण्याआधीच्या कृतीला नवा दंड लावता येत नाही, राज्यघटनेच्या अनुच्छेद 20 चा हा दंडक आहे.

सहा महिन्यांनी नोंदवही उघडा आणि प्रभागनिहाय चार गोष्टी मांडा: पावत्या किती, वसूल किती, अपिलं किती आणि त्यांतली किती मान्य झाली, आणि त्या जागेवरचा कचरा कमी झाला का. निम्म्याहून कमी वसुली असेल तर रक्कम जास्त आहे किंवा माणसं चुकीची पकडली जात आहेत. एकाच चौकात त्याच प्रकारच्या पावत्या पुन्हा पुन्हा फाटत असतील, तर पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर त्या चौकातली कचरापेटी आणि घंटागाडीची वेळ घ्या, दंडवाढ नव्हे.